खालची काच

वाई, २० जुलै २०२५

प्रिय ब्राह्मी,

सगळ्या दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्या आहेत, तर मग त्यांच्यातल्या दोन एकमेकींवर आदळतात कशा? मला उत्तर देता आलं नाही. नववीच्या वर्गात, साठ मुलांसमोर, हातात खडू असताना हा प्रश्न आला.

विचारलं प्रांजल नावाच्या मुलीनं. विश्व पसरतंय हे मी नुकतंच शिकवलं होतं. फुग्यावर टिकल्या चिकटवून तो फुगवूनही दाखवला होता. ही उठली, हातात ग्रंथालयातलं पुस्तक, त्यात दोन दीर्घिकांच्या टकरीचं चित्र. "मॅडम, तुमच्या फुग्यावरच्या टिकल्या कवाच आदळायच्या न्हाईत. मग ह्या कशा आदळल्या?" मागून कुणीतरी म्हणालं, "ब्रेक फेल झाला आसंल," आणि वर्ग हसला. मी म्हणाले, उद्या सांगते. त्या उद्याला आता चार दिवस झाले.

मोबाइलवर शोधलं तर उत्तर मिळेल, कळतं मला. पण तुझ्या तोंडून ऐकलेलं मला समजतं. तू एम.एस्सी. करतेस, आपल्या कॉलेजचं ग्रंथालय तुझ्या हाताशी आहे, आणि चातुर्मासात मोबाइल न वापरण्याचा नियम तू घेतला आहेस, तेव्हा पत्रच लिहायला हवं. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आता टपालपेटी शोधत फिरणारीही पहिलीच.

नोकरी बरी आहे. शाळा वाईपासून अर्ध्या तासावर आहे, एसटीनं जाते. दगडाबाई नावाच्या घरमालकीण आहेत, त्या माझ्याहून जास्त माझ्या डब्याची काळजी करतात. खोलीच्या खिडकीत आपली खालची काच ठेवली आहे. सकाळी तिच्यावर ऊन पडतं तेव्हा तुमचं हळदीचं गोदाम आठवतं. त्या पिंपाभोवती गोल फिरत दोन काचा एकमेकींवर घासत आपण सहा महिने काढले. वरची खोलगट होत गेली, खालची तेवढीच फुगीर. वरचीचा दुर्बिणीचा आरसा होणार, ती तुझ्याकडे. खालची माझ्याकडे. आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना? पॉलिश करायचं तर दोघींनी मिळून, नाहीतर नाही.

एक काम आहे. माझी चुलतबहीण सुमैरा यंदा आपल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आली आहे. आमचं गाव, कुंडल, सोडून पहिल्यांदाच एकटी राहते. बुजरी आहे. जरा लक्ष ठेव.

तुझी,
आसिया


सांगली, २७ जुलै २०२५

प्रिय आसिया,

जय जिनेंद्र.

प्रांजलला माझ्याकडून एक पेढा दे. हा प्रश्न मला तिसऱ्या वर्षाला पडायला हवा होता आणि पडला नाही.

बाबा सांगतात, पूर्वी महापुरात नाव मिळाली नाही की लोक गुळाच्या काहिली पाण्यात सोडायचे. समज, पाणी चहूकडं पसरतंय आणि त्याच्यावर शेकडो काहिली तरंगतायत. पाणी पसरेल तशी प्रत्येक काहील दुसरीपासून लांब जाणार. जेवढी लांबची, तेवढी जोरात जाताना दिसणार. आता शेजारच्या दोन काहिलींतल्या माणसांनी एकच दोर धरला आणि दोन्हीकडून ओढायला लागली, तर? त्यांच्यामधलं अंतर थोडं, म्हणून पसरत्या पाण्याचा रेटाही थोडा. दोराची ओढ त्याहून जास्त. त्या जवळ येणार आणि आदळणार. भोवतीचा पूर वाढतच असला तरी!

दोर म्हणजे गुरुत्वाकर्षण. दीर्घिका साधारण तेहतीस लाख प्रकाशवर्षं लांब असली तर पसरण्याचा वेग सेकंदाला सत्तर किलोमीटरच्या आसपास येतो. दुप्पट लांब, तर दुप्पट. फार लांबच्यांपर्यंत दोर पुरतच नाही. देवयानी दीर्घिका मात्र आपल्यापासून फक्त पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे, आणि सेकंदाला एकशेदहा किलोमीटर वेगानं आपल्याकडे येते आहे. सुरुवातीला तीसुद्धा लांबच चालली होती. ओढीनं हळू झाली, थांबली, मग वळली. तुझा फुगा चुकीचा नव्हता, त्यात दोर नव्हता एवढंच.

आणि बुजरी कोण गं? सुमैरा? पहिल्याच दिवशी गोदामात येऊन आईला म्हणाली, "काकू, हितं दोन दिवस बसले तर लोक म्हणतील, पोरीला हळद लागली, नवरा कुठाय?" आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

तिनं कोपऱ्यातलं पिंप पाहिलं, मग आरसा पाहिला, फुटक्या काचेच्या दोन तुकड्यांवर घासूनही पाहिलं, आणि आता दर रविवारी येणार म्हणते. हाताला वळण आहे तिच्या. आरसा असाच फडक्यात गुंडाळून ठेवायचा का, असं मलाही वाटायला लागलंय. आत्ता पॉलिशला बसलो तर पुण्याहून मुलामा चढवून डिसेंबरपर्यंत दुर्बीण उभी राहील. तेव्हा देवयानी संध्याकाळीच डोक्यावर असते. पण पॉलिशसाठी राळेचा थर ओतायचा तो खालच्या काचेवरच. ठरलेलं मला आठवतं, म्हणून विचारते. रविवारी येत जाशील का? नाहीतर काच तरी कुणाबरोबर पाठव.

तुझी,
ब्राह्मी


वाई, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय ब्राह्मी,

काहिली वर्गात फार चालल्या. दोन मुलांना मी दोर धरायलाही लावलं. पण प्रांजल बसली नाही. "आदळल्यावर तारे फुटत आसतील की मॅडम! सूर्याचं काय हुईल?" म्हणजे मी परत तुझ्या दारात.

काचेचं एक वाईट झालं. गेल्या सोमवारी मुलांना दाखवायला म्हणून शाळेत नेली होती. येताना एसटीत पिशवी वरच्या फळीवर ठेवली. पाचवडच्या अलीकडे ड्रायव्हरनं जोरात ब्रेक मारला, पिशवी खाली. तीन तुकडे झाले. कंडक्टर म्हणाला, बाई, काच मांडीवर ठेवायची असते. तुकडे घाटावरून नदीत सोडून दिले. तुला लगेच कळवायचं होतं, पण हात उचलेना.

तेव्हा पॉलिशचा विषय आता राहिलाच नाही.

सुमैरा गमतीदार आहे हे मला नवीन नाही. लहानपणी ईदला आम्ही दोघी घरोघर जायचो, आणि सगळ्यांना तिचंच बोलणं ऐकायचं असायचं. शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात आणि लक्ष तिच्याकडे. तिला पाढे मी शिकवले. कॉलेजचा फॉर्मही मीच भरला. तिच्या हाताला वळण आहे असं तू लिहिलंस. माझ्या हाताबद्दल सहा महिन्यांत तू काही म्हणाल्याचं आठवत नाही. असो. पिंपाच्या दाराकडच्या बाजूला मी उभी राहायचे. ती कुठे उभी राहते?

आसिया


सांगली, १४ ऑगस्ट २०२५

प्रिय आसिया,

पत्र मी पिंपाशेजारी बसून दोनदा वाचलं. तुला किती लागलं असेल ते कळतं. कंडक्टरचं मनावर घेऊ नकोस. काच फुटते, त्यात तुझा काय दोष?

प्रांजलला सांग, तारे फुटत नाहीत. सूर्य मोहरीच्या दाण्याएवढा केला आणि इथं सांगलीच्या गणपतीसमोर ठेवला, तर त्याच्या सगळ्यांत जवळचा तारा, म्हणजे दुसरी मोहरी, तुमच्या कुंडलच्याही पुढं जाऊन पडते. मधे सगळं मोकळं. अशा दोन दीर्घिका एकमेकींत शिरतात, आरपार निघतात, ओढीनं परत फिरतात, पुन्हा शिरतात. असं होता होता त्यांची एकच होते. आकार पार मोडतो, पण तारा ताऱ्यावर आपटला असं जवळजवळ होतच नाही. वायूचे ढग तेवढे आदळतात, आणि त्यांतून नवे तारे जन्मतात.

आता चांगली बातमी. खालच्या काचेवाचूनही काम होतं! सुमैरानं ग्रंथालयात शोधून काढलं. आरशाच्याच खोलगट बाजूवर कागद घालून प्लास्टरची चकती ओतायची, म्हणजे बाक जुळतो, आणि तिच्यावर फरशीचे तुकडे चिकटवायचे. फरशी म्हटल्यावर तिनं लगेच टाळी वाजवली. तुझे अब्बा! जन्मभर फरश्या घासून पॉलिश करणारा माणूस घरात असताना आपण काचेसाठी रडत बसलोय. उद्या सुट्टी आहे, आम्ही दोघी कुंडलला शमशेरचाचांकडे जातोय.

खाली सुमैराला जागा सोडते.

तुझी,
ब्राह्मी

आपा, सलाम. तुझी काच फुटली ऐकून लय वाईट वाटलं. पण काळजी करू नको, आरसा आमी पुरा करणारच. ब्राह्मीताई म्हणतात आसिया घासताना फेऱ्या मोजायची. मी मोजत न्हाई, मी गाणी म्हणते. चालतंय का? आणि हो, मी दाराकडच्याच बाजूला उभी ऱ्हाते, तिथं वारं लागतं. तुझी, सुमी


वाई, २४ ऑगस्ट २०२५

ब्राह्मी,

मोहरीचं उत्तर वर्गात सांगितलं. प्रांजल विचारते, देवयानी कधी आदळणार, तारीख सांगा.

अब्बा गुरुवारी इथे येऊन गेले. पाचगणीला कुणाच्या बंगल्याचं काम होतं, त्या वाटेनं आले. तुम्ही दोघी येऊन फरशी घेऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. आता रविवारी ते स्वतः सांगलीला येणार आहेत म्हणे, तुम्हाला हात शिकवायला. मला त्यांनी घासायला शिकवलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. मला वाटायचं ते मलाच शिकवतात.

आपलं ठरलं होतं, दोघींनी मिळून नाहीतर नाही. तू ते सुमैराला सांगितलंस की नाही मला माहीत नाही. सांगितलं असशील तर ती हसली असेल. तुमचं चालू द्या. मला रविवारी वह्या तपासायच्या असतात.

आसिया


सांगली, ८ सप्टेंबर २०२५

प्रिय आसिया,

आज आमची क्षमावाणी. दहा दिवसांचं पर्व संपलं की ओळखीच्या प्रत्येकाकडे जाऊन वर्षभरात मनानं, बोलण्यानं, वागण्यानं दुखावलं असेल तर माफी मागायची. सकाळपासून बारा घरं झाली. तेरावं तुझं.

मी आपलं ठरलेलं मोडलं. विचारल्यासारखं केलं आणि उत्तर यायच्या आधीच मनात मोडून ठेवलं होतं. क्षमा कर.

दुसरं लिहायला अवघड आहे, पण न लिहिता मागितलेली माफी कसली? सुमैराबरोबर काम करायला मला आवडतं. तुझ्याबरोबर पिंपाशी उभी राहिले की मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. तू फेऱ्या मोजायचीस, माझा हात वाकडा गेला की थांबायचीस. त्यामुळेच काच इतकी सुरेख झाली, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण सुमैराबरोबर मला चुकायला भीती वाटत नाही. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, त्याचीही क्षमा.

आणि चुकलोच आम्ही. परवा पॉलिशला सुरुवात करायच्या आधी शेवटची बारीक पावडर चालू होती, तेवढ्यात चकतीवरच्या एका फरशीच्या तुकड्याची कपची उडाली. आरशावर बोटभर लांब रेघ. सुमैरानं तीनदा पुसून पाहिली. चाचा म्हणाले, पावडरीच्या मागच्या जाड नंबरावर जाऊन पुन्हा घासल्याशिवाय ही निघायची नाही. पण त्याच चकतीवर घासायचं तर दुसरी कपची उडेल, आणि दर वेळी आरसा झिजतो. त्यांचं मत, जुनी काच असती तर चार रविवारांत रेघ गेली असती. ती नाही, तेव्हा आरसा सोडून द्यावा का, असा विचार चाललाय.

एक विचित्र गोष्ट. काल निघताना चाचा मला म्हणाले, "पोरी, आसियाला पत्रात एक लिव. म्हणावं, फुडचा हात मारायच्या आदी धुवून घे. जाड कण ऱ्हायलाय." मी म्हटलं, "चाचा, आरसा आमच्याकडं, रेघ आमच्याकडं, ती बिचारी काय धुणार?" तर म्हणाले, "तू लिव. तिला कळतंय." म्हणून लिहिते. मला काही उलगडा झाला नाही.

प्रांजलला तारीख देऊ नकोस. जुन्या पुस्तकांत टक्कर नक्की होणार, चारशे-पाचशे कोटी वर्षांत, असं आहे. पण यंदाच एक नवा अभ्यास आलाय. तो सांगतो, पुढच्या हजार कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच. देवयानी आपल्याकडे किती वेगानं येते ते तिच्या प्रकाशावरून चटकन कळतं. पण ती आडवी किती सरकते ते कळायला वर्षानुवर्षं बारीक मोजत बसावं लागतं, आणि तिथंच सगळं अडतं. थोडी जास्त आडवी सरकली तर बाजूनं निघून जाईल.

तुझी,
ब्राह्मी


सांगली, तुमचं गोदाम, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय ब्राह्मी,

हे पत्र तुझ्या हातात आहे, म्हणजे त्याच्यावरची काच तू उचललीस.

ती कधी फुटलीच नव्हती. ब्रेक, पिशवी, कंडक्टर, नदी, सगळं मी टेबलाशी बसून रचलं, आणि रचताना काच समोर खिडकीत होती. तुझ्या पत्रातलं 'हाताला वळण आहे' हे वाक्य मी सात-आठ वेळा वाचलं आणि मग लिहायला घेतलं. मला वाटलं, काच नाही म्हटलं की पिंप पुन्हा कोपऱ्यात जाईल. तू समजूत घालणारं पत्र लिहिलंस, त्यानं मला बरं वाटायला हवं होतं. मला तुझा रागच आला, इतक्या सहज विश्वास ठेवलास म्हणून.

अब्बा वाईला आले त्या गुरुवारी मी शाळेत होते. दगडाबाईंनी त्यांना खोली उघडून दिली. मी परतले तर ते खिडकीशी बसून काच रुमालानं पुसत होते. काच फुटली असं तुम्ही दोघींनी त्यांना पंधरा ऑगस्टलाच सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "लय चांगली घासलीया. पार कडेपतूर." चहा प्याले आणि गेले. तुला त्यांनी शेवटपर्यंत काही सांगितलं नाही. मलाही नाही, फक्त तुझ्या हातून निरोप धाडला.

तो निरोप आमच्या घरातला आहे. फरशी घासताना एका नंबराची पावडर संपली की अब्बा सगळं धुतात. फरशी, मशीन, बादली, हात, नखंसुद्धा. पुढच्या बारीक नंबरात मागचा एक जाड कण राहिला तरी सगळ्या मेहनतीवर रेघ पडते. लहानपणी मला आळस यायचा. मी म्हणायचे, एवढ्याशा कणानं काय होतंय? ते मला तशीच पुढची पावडर टाकू द्यायचे. रेघ पडू द्यायचे, आणि मग मलाच पुन्हा पहिल्यापासून घासायला लावायचे.

मला हेवा वाटला, ब्राह्मी. तुझ्या एम.एस्सी.चा आधीपासून होता. मला नोकरी धरावी लागली, तुला शिकता आलं, हे मी हसत मान्य केलं होतं, पण पोटात ते होतंच. मग सुमैराचा वाटला. मग माझ्याच अब्बांचा, की ते तुमच्यात येऊन बसले. आज तो गेला असं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. आत्ताच तुझ्या आईनं, गुणमालाकाकूंनी, गोदाम उघडून दिलं आणि म्हणाल्या, "अगं, त्या दोघी सकाळीच कुंडलला गेल्या, डोंगरावर पार्श्वनाथाच्या दर्शनाला. सुमैराच्या घरी जेवून येणार." माझ्या गावात, माझ्या चुलतीच्या हातचं, माझ्याशिवाय! मी हळदीच्या पोत्यावर बसले आणि काकूंकडून दोनदा पाणी मागून घेतलं. काकू म्हणाल्या, "थांब की संध्याकाळपर्यंत, पोरी नाचतील तुला बघून." सुमैरा नाचेल. तुझं मला सांगता येत नाही.

शुक्रवारी मी वर्गात प्रांजलला सांगितलं, देवयानी आदळेल की बाजूनं जाईल ते अजून कुणालाच नक्की माहीत नाही, आणि आधी मीही पुस्तक बघून नक्की म्हणाले असते. ती म्हणाली, "मग आमी काय लिवायचं, मॅडम?" मी म्हटलं, जेवढं मोजलंय तेवढं लिहा. ते म्हणताना मला माझी पत्रं आठवली. तू जवळ येतेस की लांब जातेस, एवढंच मी त्यांतून मोजत बसले होते.

तू क्षमा मागितलीस. मी कोणत्या तोंडानं देऊ? मागते मात्र.

दोघींनी मिळून नाहीतर नाही, हे आपलं ठरलेलं मी माझ्याकडून सोडलं आहे. आरसा तुम्ही पुरा करा. सुमैराला दाराकडच्याच बाजूला उभी राहू दे, तिथं खरंच वारं लागतं. फक्त जाड नंबर झाला की तिला मोजायला लाव, गाणी म्हणत का होईना.

काच काल मी धुतली, खिडकीतली धूळ निघेपर्यंत. आज इथे येऊन गोदामामागच्या नळावर पुन्हा तीन पाण्यांनी धुतली, आधी माझे हात आणि नखं धुऊन. उन्हात वाळवली. पुसली नाही, फडक्यात कण असतात. पिंपाचा वरचा पत्राही धुऊन काढला, आणि काच त्याच्यावर मधोमध ठेवली आहे.

अडीचच्या गाडीनं मी निघाले आहे.

आसिया